'डिअर'च्या पुढची रिकामी जागा

बाई, सप्रेम नमस्कार.

मी 26 वर्षांचा आहे. गाव औसा तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत बिलिंगचं काम करतो. आमच्या टीम लीड मॅडम माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या आहेत. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या चॅटवर मी त्यांना लिहिलं, 'हाय डिअर, फाइल सेंट, प्लीज चेक.' त्यांचं उत्तर आलं, 'प्लीज डोन्ट कॉल मी डिअर. यूज माय नेम.' बाई, शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. शाळेत डिअर म्हणजे प्रिय असं शिकलो. अर्जातसुद्धा डिअर सर लिहितो. मग इथं काय चुकलं? रूममेट म्हणतो, मुली जरा जास्तच करतात. तेव्हापासून मी मॅडमना एकही मेसेज केलेला नाही, सगळं शेजारच्या मित्रामार्फत पाठवतो. माझी तक्रार होईल का? माफी मागू का, आणि कशी? या शब्दाचा खरा अर्थ काय? पुढच्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस आहे. कार्डावर सगळे सह्या करतात. मी करू की नको? मला 'तू'च म्हणा, मी तुमच्या विद्यार्थ्यासारखाच आहे.

– नाव छापू नये

तू 'मला तूच म्हणा' असं लिहिलंस, म्हणून म्हणते आहे. ही ओळ पत्रात नसती तर मी तुला 'तुम्ही' म्हटलं असतं. नोकरी करणारा माणूस, ओळख ना पाळख, त्याला एकदम अरेतुरे कसं करायचं? ती मोकळीक तू मला आपणहून दिलीस. तुझ्या मॅडमनी तुला 'डिअर' म्हणायची मोकळीक दिली नव्हती. मुळात गोष्ट एवढीच आहे. पण तू अर्थ विचारला आहेस, आणि तो अर्थ तुला शाळेत कुणीतरी नीट सांगायला हवा होता.

तो 'कुणीतरी' म्हणजे माझ्यासारखीच. मी 31 वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. पत्रलेखनाचा तास अजून डोळ्यांपुढे आहे: फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख, मग डाव्या बाजूला 'डिअर' आणि पुढे नाव, स्वल्पविराम. 'डिअर म्हणजे प्रिय' एवढं सांगून मी पुढे जायची. मुलं हमखास हरणाचं डिअर लिहायची, मग उरलेला तास 'डी-ई' नंतर 'ए' की आणखी एक 'ई' यातच जायचा. स्पेलिंग पक्कं करून घेतलं. हा शब्द कुणाला म्हणायचा, कुणाला नाही, आणि नाव गाळलं तर त्याचं काय होतं, हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. तुझं पत्र वाचून ते फार लागलं.

आता अर्थ. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'देओरे' असा होता आणि त्याचे दोन अर्थ होते, मोलाचा आणि लाडका. जे मोलाचं, ते जिवाला लागलेलं. जर्मन 'टॉयर' आणि फ्रेंच 'शेर' या शब्दांतही महाग आणि प्रिय असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्लंड-आयर्लंडमधली जुनी माणसं आजही महाग वस्तूला 'डिअर' म्हणतात. तुझ्याही घरात या शब्दाचा हा अर्थ येऊन गेला असेल. घरात कुणी एसटीत, झेडपीत किंवा सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्या पगारपत्रकावर 'डी.ए.' असं लिहिलेलं असतं बघ. तो 'डिअरनेस अलाउन्स', म्हणजे आपला महागाई भत्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास धान्य महागलं तेव्हा या भत्त्याला 'डिअर फूड अलाउन्स' म्हणत. तिथे प्रेमाचा काही संबंध नाही, ज्वारी परवडत नाही एवढंच.

आपल्या 'महाग'ची गंमत अशी की तो 'महार्घ'वरून आलेला, म्हणजे मोठ्या किमतीचा. आपण 'फारच महाग झालास रे' असं भेटायला न येणाऱ्या मित्राला म्हणतोच. म्हणजे मोल आणि माया यांचं नातं मराठीला नवं नाही. फरक इतकाच की मराठीत तो शब्द भेटीला चिकटला, इंग्रजीत माणसाला.

आणि माणसाला चिकटल्यावर पत्राच्या मायन्यात शिरला. तिथे शतकानुशतकं रोज वापरून त्यातली सगळी माया झिजून गेली. नाणं हातोहात फिरून त्यावरचा छाप पुसला जावा, तसं. बँकेचा मेसेज येतो, 'डिअर कस्टमर'. त्या बँकेचा आपल्यावर जीव आहे असं कुणाला वाटत नाही. भांडणाची नोटीससुद्धा 'डिअर सर'नेच सुरू होते.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या वर्ध्याचं आहे. 23 जुलै 1939 रोजी गांधीजींनी वर्ध्याचा पत्ता घालून हिटलरला पत्र लिहिलं, मायना 'डिअर फ्रेंड'. युद्ध टाळा म्हणून विनवणी होती. ते पत्र पुढे जाऊ दिलं गेलं नाही. मग 24 डिसेंबर 1940 ला त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, आणि त्यात आरंभीच खुलासा केला की मी तुम्हाला मित्र म्हणतो तो उपचार नव्हे, मला शत्रूच नाहीत. आता नीट बघ. खुलासा त्यांनी 'फ्रेंड'चा केला. 'डिअर'चा खुलासा करावा असं त्यांना वाटलं नाही. इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की मायन्यातल्या 'डिअर'वर कुणी बोट ठेवणार नाही.

पण हे सगळं कुठल्या 'डिअर'चं? ज्याच्या पुढे कुणीतरी आहे त्याचं. डिअर सर, डिअर कस्टमर, डिअर फ्रेंड, डिअर अमुक. पुढचं नाव गाळ आणि नुसतं 'डिअर' ठेव, की झिजलेली माया सगळीच्या सगळी परत येते. कारण आता तो शब्द मायना राहत नाही, हाक होतो. नवरा बायकोला, आजी नातवाला, जुनी मैत्रीण मैत्रिणीला मारते तशी हाक. 'डार्लिंग' हा शब्द याच 'डिअर'च्या पोटचा आहे, हे ऐकलंस तर तू काय लिहून बसलास ते तुझ्या लक्षात येईल. तुझ्या वाक्यात 'डिअर'च्या पुढे त्यांचं नाव असतं, तर त्या मेसेजकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. ती एक जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत नको ती जवळीक येऊन बसली.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: सलगी. वाईट हेतू नसतानाही सलगी होते. बसमध्ये शेजारचा माणूस नकळत खेटून बसला तर त्याच्या मनात काही नसेलही, पण आपण अंग चोरतोच ना?

तू विचारशील, मग हा शब्द खरोखर प्रेमाने कसा वापरायचा? 'अ डिअर फ्रेंड' म्हटलं की तो जिवाभावाचा मित्र, तिथे भावना खरी. 'दॅट हाउस इज डिअर टू मी' म्हटलं की ते घर काळजाजवळचं. 'टू मी' पुढे लागलं की शब्द पूर्ण वजनाने येतो. 'डिअरेस्ट' फक्त अगदी घरच्या माणसाला. 'माय डिअर' जपून, त्यात बरेचदा वरून बोलल्याचा सूर लागतो. आणि 'ओह डिअर' म्हणजे नुसतं 'अगं बाई!' किंवा 'अरेरे!', तिथे कुणीच प्रिय नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मला तुझं पत्र वाचतानाच सुचली आणि मग झोप येईना. आपल्याकडे साहेबाला अर्ज लिहिताना कितीतरी जण 'डिअर सर' न लिहिता 'रिस्पेक्टेड सर' लिहितात. का? कारण हेडमास्तरांना 'प्रिय' म्हणायला आपलं मन धजत नाही. ते अंगचटीला गेल्यासारखं वाटतं. म्हणजे या शब्दातली ऊब आपल्याला कळत होती! मोठ्या पुरुषासमोर ती बरोबर कळली आणि आपण सावध झालो. मग ऑफिसातल्या बाईसमोर ती का कळली नाही? तू तुझ्या टीम लीडच्या वरच्या साहेबांना 'हाय डिअर, फाइल सेंट' असं लिहिलं असतंस का? मी तुला दोष द्यायला हे विचारत नाही. हात की-बोर्डवर असतानाच हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लाव, एवढ्यासाठी विचारते. ज्या शब्दाने साहेबाला हाक मारता येत नाही, तो शब्द मॅडमसाठीही नको.

आपल्या जुन्या पत्रांना हे भान चांगलं होतं. आईवडिलांना तीर्थरूप, त्यांच्या जागी असलेल्या काका-मामांना तीर्थस्वरूप, लहानांना चि., बरोबरीच्यांना स. न. वि. वि. कोण कुणाच्या किती जवळ, हे पहिल्या ओळीतच ठरलेलं असायचं. 'प्रिय बाबा' माझ्या लहानपणी कुणी लिहीत नसे. माझ्या वडिलांची पोस्टकार्डं मी जपून ठेवली आहेत. प्रत्येकाची सुरुवात 'चि. सौ.… हिस अनेक उत्तम आशीर्वाद', आणि 'प्रिय' एकातही नाही. एका कार्डावर जागा संपल्यावर कडेला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिलंय, 'पाऊस फार आहे म्हणतात, शाळेत जाताना नदीवरून जाऊ नको.' आपल्याकडे माया अशी कडेला लिहिली जायची. मग 'डिअर'चं भाषांतर करायची वेळ आली आणि सगळ्या मायन्यांच्या जागी एकच 'प्रिय' बसवला गेला. सरकारी अर्धशासकीय पत्रातही 'प्रिय महोदय' आला. शब्द मिळाला, पण कुणाला काय म्हणायचं ती समज त्याच्याबरोबर आली नाही.

तुझ्या मॅडमना काय वाटलं असेल, ते मी थोडंफार सांगू शकते. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. शाळातपासणी होती. वर्गात एक अधिकारी मागच्या बाकावर येऊन बसले. मी कविता शिकवली, मुलांनी छान उत्तरं दिली. ते उठले, जाता जाता माझ्या जवळ थांबले आणि भर वर्गात म्हणाले, 'वेल डन, माय डिअर.' कौतुकच होतं. वयाने माझ्या वडिलांएवढे होते. त्यांच्या मनात काही नसेल, असं मी आजही धरून चालते. पण त्या क्षणापर्यंत मी त्या साठ मुलांची बाई होते, हातात खडू होता, आणि पुढच्या क्षणी मी कुणाची तरी 'डिअर' झाले. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघत होती, ते डोळे मला अजून आठवतात. मी हसून 'थँक यू सर' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या वेळी 'मला बाई म्हणा' असं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुझ्या मॅडममध्ये आहे. आणि किती साधेपणाने सांगितलं त्यांनी! दोन वाक्यं. तुझ्यावर आरोप नाही, चारचौघांत शोभा नाही. एक नको असलेला शब्द परत केला आणि त्या जागी कुठला हवा तोही सांगितला. मला तर ते वाचून त्यांचं कौतुक वाटलं.

म्हणून रूममेटचं ऐकू नकोस. 'मुली जरा जास्तच करतात' हे म्हणायला सोपं आहे. तुला तो एक 'डिअर' दिसतो. त्यांच्या फोनमध्ये अनोळखी माणसांचे असे किती 'हाय डिअर' येऊन पडत असतील, याचा विचार कर. ओळखीतल्या कुठल्याही बाईला विचार, फोन उघडून दाखवेल. तू त्या रांगेत नकळत जाऊन उभा राहिलास. तू वेगळा आहेस हे त्यांना एका शब्दावरून कसं कळावं?

पण तू हा शब्द उचललास कुठून, तेही मला समजतं. साड्या विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना 'हाय डिअर' लिहितात, मैत्रिणी एकमेकींना लिहितात. तिकडे इंग्लंडातही दुकानातली वयस्क बाई कुठल्याही गिऱ्हाइकाला सहज 'डिअर' म्हणते, यॉर्कशरमध्ये 'लव्ह' म्हणते, नॉटिंगहॅमकडे 'डक' म्हणते, न्यूकॅसलला 'पेट'. आपल्या मंडईतली मावशी नाही का 'घे रे राजा, ताजी मेथी आहे' म्हणत? मावशीच्या तोंडी 'राजा' गोड लागतो. तोच शब्द तू उद्या मीटिंगमध्ये कुणाला म्हणून बघ. शब्द तोच, पण तो कोण म्हणतंय, कुणाला आणि कुठे, यावर सगळं आहे.

तक्रारीची भीती. कामाच्या ठिकाणी महिलांना त्रास होऊ नये म्हणून 2013 चा कायदा आहे, आणि त्याचा मोठा भर एका गोष्टीवर आहे: समोरच्या बाईला ते वागणं नकोसं आहे का. पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा हे नकोसं आहे ते तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. इथून पुढे पुन्हा लिहिलंस तर 'माझ्या मनात काही नव्हतं' म्हणायला जागा नाही. तक्रार करायची की नाही हा त्यांचा हक्क आहे, त्यावरून त्यांच्या मनाचा ठाव घेत बसू नकोस, आणि कुणाला मध्ये घालून 'मॅडम रागावल्यात का बघ' असं तर मुळीच नको. पण ज्यांना विषय तिथेच मिटवून पुढे जायचं असतं त्या स्वतःच 'माझं नाव वापर' असं सांगतात, हे माझं इतक्या वर्षांचं माणसांबद्दलचं निरीक्षण आहे. त्यांनी दार लावलेलं नाही. कुठून यायचं तेवढं दाखवलंय.

उलट तू जे आता करतो आहेस, ते मला जास्त काळजीचं वाटतं. सगळं मित्रामार्फत पाठवणं. त्याने तू सुरक्षित झाल्यासारखं तुला वाटतं, पण त्यांच्या बाजूने बघ. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली आणि एक माणूस त्यांच्याशी बोलायचाच बंद झाला. आता प्रत्येक बिलासाठी त्यांना दोन माणसांशी बोलावं लागतंय. खरं बोलल्याची ही शिक्षा झाली. ती उद्यापासून बंद कर.

माफी माग. जिथे चूक झाली तिथेच, म्हणजे त्याच चॅटवर, सकाळी कामाच्या वेळेत. रात्री नको. इंग्रजीत तीन वाक्यं पुरे: 'आय अ‍ॅम सॉरी अबाउट दॅट मेसेज. आय शुड हॅव यूज्ड युअर नेम. आय विल, फ्रॉम नाऊ ऑन.' सुरुवातीला त्यांचं नाव, तुमच्या ऑफिसात सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी कच्चं आहे, माझा तसा हेतू नव्हता, माझ्या बहिणीसारख्या आहात, यातलं काहीही त्यात घालू नकोस. ही वाक्यं लिहिली की माफी त्यांच्याकडून काहीतरी मागायला लागते, 'तुझं चुकलं नाही' असं त्यांनी म्हणावं म्हणून वाट बघत बसते. हात जोडलेली, रडकी, हसरी अशी चित्रंही नकोत. उत्तरात नुसतं 'ओके' आलं तर ते पुरेसं आहे. काहीच आलं नाही तरी पुरेसं आहे. दुसऱ्यांदा माफी मागू नकोस.

मग त्याच दिवशी कामाचा पहिला मेसेज स्वतः पाठव. नाव, स्वल्पविराम, फाइल पाठवली आहे, बघून घ्या. बस. ऑफिसातल्या माणसांना मेल लिहिताना 'हाय' आणि नाव चालतं, 'डिअर' आणि नावही चालतं, आणि सगळ्यांना मिळून लिहायचं तर 'डिअर ऑल'. बाहेरच्या अनोळखी माणसाला आडनावासकट लिही, 'डिअर मिस्टर' किंवा, बाई असतील तर, 'डिअर मिझ' आणि आडनाव. 'मिस्टर'ला पहिलं नाव जोडू नकोस, ते आपल्याकडे फार होतं. नाव ठाऊक असेल तर शेवट 'यूअर्स सिन्सिअरली', नुसतं 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर 'यूअर्स फेथफुली', ही इंग्रजांची रीत. हल्ली मेलमध्ये 'रिगार्ड्स'वर भागतं. आणि फोनवर 'हाय' टाइप केल्यावर खाली आपोआप 'डिअर' सुचवलं जात असेल, तर ते येऊ देत, बोट तिकडे नेऊ नकोस. दोनचार आठवडे नाव लिहीत राहिलास की फोनही नाव सुचवायला लागेल.

राहिलं वाढदिवसाचं कार्ड. सही जरूर कर. तू एकटाच राहिलास तर ते जास्त दिसेल. 'हॅपी बर्थडे' छापलेलं असेलच, त्याच्या खाली आपलं नाव स्वच्छ अक्षरात लिही आणि कार्ड पुढच्या टेबलावर दे.